नाव एक, मासे दोन



आरमोरीचा आठवडी बाजार भरला होता. आम्ही भाजी घेतली, मीठ-मिरची घेतली आणि मासळीच्या ओळीकडे वळलो. टोपल्यांत मासळी होती. कोणाकडे मरळ, कोणाकडे झिंगे, कोणाकडे रोहू. एका घमेल्यात लांब मिशांचे मासे वळवळत होते. पाणी बोटभरच होते, तरी मासे जिवंत होते.

एका बाईने विचारले, "हा कोनता मासा होय जी?"

विकणारा म्हणाला, "मांगूर होय. घ्या. ताजा आहे."

बाई म्हणाली, "मांगूर तर खरा. पन कोनता मांगूर?"

विकणारा हसला. "मांगूर मनजे मांगूर. त्यात का कोनता आन् कोनता?"

बाई काही बोलली नाही. तिने घमेल्यात पुन्हा एकदा पाहिले आणि ती पुढे गेली. मासा तिने घेतला नाही.

आम्हांला नवल वाटले. एवढ्या बारकाईने विचारायचे कारण काय? मासा तो मासा! पण नंतर आम्ही चौकशी केली, तेव्हा कळले की बाईचा प्रश्न बरोबर होता. मांगूर हे नाव एक आहे, पण त्या नावाने दोन वेगळे मासे विकले जातात. एक आपल्या देशातला. दुसरा परदेशातून आलेला, आणि त्याला सरकारने बंदी केलेली. नावाने दोघे एक, पण गुणाने फार वेगळे.

म्हणून आज आपण माशांच्या नावांविषयी वाचू. नाव कसे पडते, नाव काय सांगते आणि नाव केव्हा फसवते, ते पाहू.

एका तळ्याची हकीगत

आधी एक घडलेली गोष्ट ऐका. गावाचे नाव आम्ही लिहीत नाही. कोणाला कमीपणा द्यायचा नाही.

आपल्या भागात जुनी तळी पुष्कळ आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. कोणाला वाटेल, हा कोणाच्या मामाचा तलाव! तसे नाही. पूर्वी गावोगाव मालगुजार असत. तलाव त्यांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. त्या वेळी आपला भाग मध्यप्रदेशात होता. तलाव सरकारकडे आले. कागदावर त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणू लागले. 'माजी'तला मा आणि 'मालगुजारी'तला मा. झाला मामा! पाहा, एका लहानशा नावात केवढी हकीगत दडलेली असते.

तर असा एक मामा तलाव गावच्या मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतला होता. दर पावसाळ्यात संस्था त्यात रोहू आणि कटला यांचे बीज सोडी. एका वर्षी एक फिरता विक्रेता आला. तो म्हणाला, "या साली मांगूर टाका. लवकर वाढते. भावही चांगला येते."

सभासदांना मांगूर ठाऊक होता. चिखलातला, मिशांचा, चवीचा मासा. आजाऱ्याला द्यावा असा. नाव ओळखीचे होते, म्हणून विश्वास बसला. बीज घेतले. तळ्यात सोडले. पावती मिळाली. ती घडी करून पेटीत ठेवली.

दिवाळीच्या सुमारास जाळे टाकले. हातभर लांबीचे मांगूर निघाले. सगळ्यांना आनंद झाला. पण दुसऱ्या फेरीत रोहू थोडे निघाले. तिसऱ्या फेरीत कटला जवळजवळ नाहीच. संस्थेतला एक म्हातारा धीवर गप्प उभा होता. तो म्हणाला, "हा आपला मांगूर नोहे. आपला मांगूर एवढा वाढतच नाही. यानंच आपले पोरं खाल्ले."

पोरं म्हणजे रोहू-कटल्याची पिले. म्हाताऱ्याचे म्हणणे खरे निघाले. मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी आले. त्यांनी मासा पाहिला आणि सांगितले, "हा बंदीचा मांगूर आहे. हा विकता येणार नाही. पाळताही येणार नाही. नष्ट करावा लागेल."

विक्रेत्याला जाब विचारावा, म्हणून पेटीतून पावती काढली. संस्थेतली एक सून साक्षरता वर्गात जात होती. तिने पावती वाचली. तीवर लिहिले होते, 'मत्स्यबीज, थैल्या ४'. माशाचे नाव नव्हते. विक्रेत्याचे पूर्ण नाव नव्हते. गावही नव्हते. आता कोणाला धरायचे?

उन्हाळ्यात तळ्याचे पाणी उपसले. मासे पकडून खड्ड्यात पुरले. वर्षाची मेहनत मातीत गेली. बीजाचे पैसे गेले, ठेक्याचे पैसे अंगावर बसले. पण सर्वांत वाईट गोष्ट निराळीच होती. भर पावसात तलावाचा सांडवा वाहिला होता. त्यातून काही मासे नाल्यात गेले होते. नाला नदीला मिळतो. गेलेला मासा आता कोण परत आणणार?

एवढे नुकसान एका नावामुळे झाले. नाव खोटे नव्हते. नाव अपुरे होते.

नाव कसे पडते

आपले वाडवडील नाव उगाच ठेवत नसत. पाहून ठेवत. माशाचा रंग पाहिला, आकार पाहिला, सवय पाहिली, आणि नाव दिले.

रोहू घ्या. हा शब्द 'रोहित' या जुन्या संस्कृत शब्दापासून आला. रोहित म्हणजे तांबूस. रोहूच्या खवल्यांवर आणि पंखांवर तांबूस झाक असते. म्हणून तो रोहित, म्हणून रोहू.

आता समुद्रात चला. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिला नसेल. कोकणात मालवणजवळ समुद्राच्या तळाशी पोवळ्यांचे खडक आहेत. पोवळे हा लहानसा जीव आहे. असे असंख्य जीव एकत्र राहतात. त्यांच्या टणक सांगाड्यांचे थरावर थर बसून खडक तयार होतो. त्या खडकांच्या कपारींत रंगीबेरंगी मासे राहतात. मालवणचा हा समुद्र १९८७ साली सरकारने अभयारण्य म्हणून राखला. जसे जंगलात वाघासाठी अभयारण्य, तसे हे समुद्रातल्या जिवांसाठी.

असल्या खडकांत राहणारा एक मासा आहे. कोकणात त्याला तांबोशी म्हणतात. लहानपणी तो खाडीत वाढतो आणि मोठा झाला की खडकात जातो. नाव ऐकताच कळते की मासा तांबूस असणार. गोव्यात त्यालाच तामसो म्हणतात.

पाहा, रोहू गोड्या पाण्यातला. तांबोशी खाऱ्या पाण्यातला. दोघांची कधी गाठ पडत नाही. पण दोघांच्या नावाचा अर्थ एकच, तांबडा! दूर दूरच्या माणसांनी मासा हातात धरला, त्याचा रंग पाहिला आणि एकाच रीतीने नाव दिले.

शिंगाळा हे नावही असेच आहे. या माशाला मिशा असतात. पाठीवरच्या आणि बाजूच्या पंखांत टणक काटा असतो. शिंगासारखा टोचतो. जाळ्यातून काढताना बेताने धरावा लागतो. नावच सांगते, जपून!

पिलांची नावेही पाहा. अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू जिऱ्याएवढे दिसते, म्हणून त्याला मत्स्यजिरे म्हणतात. तेच वाढून बोटाएवढे झाले की त्याला बोटुकली म्हणतात. मोजपट्टी नको, काही नको. नावातच माप आहे.

एक मासा, अनेक नावे

पण बोली दर बारा कोसांवर बदलते. तसे माशाचे नावही बदलते.

रायगड जिल्ह्यात जिताडा नावाचा मासा आहे. तिकडे जावई आला की जिताडा शिजतो. हाच मासा गोव्यात गेला की त्याचे नाव चोणक होते. बंगालमध्ये गेला की भेटकी होते. मासा एकच, पण तीन ठिकाणी तीन नावे. रायगडचा माणूस कलकत्त्याच्या बाजारात जिताडा मागू लागला, तर त्याला कोणी देणार नाही. मासा मात्र समोरच पडलेला असेल!

पापलेट सगळ्यांना माहीत आहे. २०२३ साली तो महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. त्यालाच कोकणात कोणी सरंगा म्हणतात.

यात वाईट काही नाही. आपण घरी मुलाला एका नावाने हाक मारतो, शाळेत त्याचे नाव निराळे असते. आपल्याला ठाऊक असते, म्हणून घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो परक्या माणसाशी व्यवहार करताना.

नाव फसवते तेव्हा

आता उलट बाजू पाहू.

मुंबईच्या बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. डक म्हणजे बदक. बोंबील काही बदक नव्हे. मग हे नाव का? लोक एक गोष्ट सांगतात. सुके बोंबील डाकगाडीने जात, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि त्याचे डक झाले. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. मुंबईत आगगाडी १८५३ साली सुरू झाली. बॉम्बे डक हे नाव त्याच्या आधीच्या लिखाणात सापडते. म्हणजे नावाची गोष्टही तपासून घ्यावी लागते.

चिलापी पाहा. आपल्या तळ्यांत हा मासा आता सगळीकडे दिसतो. नाव इतके आपलेसे झाले आहे की तो आपलाच वाटतो. पण तो आफ्रिकेतला आहे. भारतात तो १९५२ साली आणला. मूळ नाव तिलापिया. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या एका भाषेत मासा या अर्थाचा शब्द आहे, त्यावरून एका स्कॉटिश विद्वानाने १८४० साली हे नाव बनवले. तिलापियाचे आपण चिलापी केले. म्हणजे आपण 'चिलापी मासा' म्हणतो, तेव्हा खरे तर 'मासा मासा' म्हणतो! हा मासा लहान वयातच पिले घालू लागतो. तळ्यात गर्दी होते आणि मासे खुरटे राहतात. ज्याला रोहू-कटला वाढवायचे आहेत, त्याने हे ध्यानात ठेवावे.

शहरात आणखी एक प्रकार चालतो. माशाचे कातडे काढतात, काटे काढतात आणि पांढरे तुकडे विकतात. कातडे गेले की रंग गेला. डोके गेले की ओळख गेली. मग स्वस्त माशाचा तुकडा महाग माशाच्या नावाने खपवता येतो. तांबोशीचा भाव देऊन दुसराच लाल मासा पदरात पडू शकतो. म्हणून जाणते लोक म्हणतात, मासा डोक्यासकट पाहून घ्यावा.

आपल्या चांद्याचेही नाव पाहा. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी आपण चंद्रपूर जिल्ह्यात होतो. त्याचे जुने नाव चांदा. पण चांदा नावाचा एक मासाही आहे! बोटभर लांब, चपटा, काचेसारखा. त्याच्या अंगातले काटे बाहेरून दिसतात. त्या माशाचा आणि आपल्या चांद्याचा काही संबंध नाही. नाव जुळले म्हणून नाते जुळत नाही.

तलाठ्याची युक्ती

मग उपाय काय? उपाय आपल्या गावातच आहे.

गावात चार रामा असतात. हाक मारली तर चौघे वळून पाहतात. पण तलाठ्याच्या दप्तरात घोटाळा होत नाही. तेथे रामाचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव लिहिलेले असते. मग एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढत नाही.

शास्त्रज्ञांनी हेच केले. स्वीडन देशात लिनीयस नावाचा विद्वान होता. त्याने प्राण्यांना दोन शब्दांचे नाव देण्याची रीत घातली. प्राण्यांच्या नावांसाठी त्याचे १७५८ सालचे पुस्तक आजही पाया मानतात. या रीतीत पहिला शब्द कुळाचा. आपल्या आडनावासारखा. दुसरा शब्द त्या जातीचा. हे नाव जगभर एकच. भारतात तेच, जपानात तेच, आफ्रिकेत तेच.

ही नावे इंग्रजांनी आपल्या मनाने ठेवली असतील, असे आपल्याला वाटते. पण तसे सगळीकडे झाले नाही. हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर बंगालमध्ये होता. त्याने गंगेच्या माशांवर १८२२ साली पुस्तक छापले. तेथील लोक माशाला जे नाव देत, तेच त्याने पुष्कळ ठिकाणी शास्त्रात घेतले. रोहूचे शास्त्रीय नाव आहे 'लॅबिओ रोहिता'. यातले रोहिता आपलेच नाही का?

आपल्या मराठीचेही तसेच आहे. कर्नल साइक्स नावाचा अधिकारी पुण्याकडे होता. त्याने दख्खनच्या माशांची यादी केली. ती १८३९ साली प्रसिद्ध झाली. मुळा-मुठेच्या आणि भीमेच्या काठचे लोक जी नावे सांगत, ती त्याने इंग्रजी अक्षरांत उतरवली. आपल्या शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव आजही 'स्पेराटा सिंघाला' आहे. दख्खनमधल्या एका महसीर माशाचे नाव 'टॉर खुद्री' आहे. आज जपानातला विद्वान त्या माशाविषयी लिहील, तर त्याला हाच मराठी शब्द लिहावा लागेल.

नदीकाठच्या ज्या माणसांनी ही नावे सांगितली, त्यांची स्वतःची नावे पुस्तकात आली नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसेल. पण त्यांचे ज्ञान खरे होते. म्हणून ते टिकले. आपल्या वैनगंगेच्या काठी धीवर बांधव राहतात. पाण्याचा रंग पाहून कोणता मासा कोठे असेल, हे ते सांगतात. त्यांच्या तोंडी कितीतरी नावे आहेत. ती अजून सगळी कागदावर आलेली नाहीत. आपण लिहायला शिकलो आहोत. हे काम आपले आहे.

दोन मांगूर

आता परत मांगुराकडे येऊ.

आपल्या देशी मांगुराचे शास्त्रीय नाव आहे 'क्लॅरियस मागूर'. हॅमिल्टननेच १८२२ साली मागूर हा शब्द शास्त्रात घेतला. परदेशी मांगुराचे नाव आहे 'क्लॅरियस गॅरिपायनस'. पहिला शब्द दोघांचा एकच, क्लॅरियस. म्हणजे दोघे एका कुळातले. चुलत भाऊच म्हणा. दुसरा शब्द मात्र वेगळा.

हा दुसरा शब्द नीट पाहा. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नावाची मोठी नदी आहे. तिचे जुने नाव गारिएप. बर्चेल नावाच्या प्रवाशाने या माशाचे वर्णन १८२२ सालीच छापले आणि नदीवरून त्याला गॅरिपायनस नाव दिले. म्हणजे हा मासा आफ्रिकेचा, हे त्याच्या नावातच लिहिलेले आहे.

पण आपल्याकडे त्याला काय म्हणतात? थाई मांगूर! थाई म्हणजे थायलंडचा. हा मासा थायलंडकडून बांगलादेशमार्गे १९९० नंतरच्या वर्षांत आपल्याकडे आला. म्हणून थाई. ज्या वाटेने आला, त्या वाटेचे नाव त्याला चिकटले. मूळ गाव लपले. आणि बाजारात तर 'थाई'ही गळते. नुसता मांगूर उरतो.

त्याला बंदी का आहे, ते समजून घेऊ.

एक, तो हावरा आहे. दुसऱ्या माशांची अंडी, पिले, किडे, बेडूक, जे मिळेल ते खातो. तो तळ्यात आला की इतर मासे कमी होतात.

दोन, तो चिवट आहे. दोन्ही मांगूर हवेतून श्वास घेऊ शकतात. म्हणून ते बोटभर पाण्यातही जगतात. ओल्या जमिनीवर सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतात. परदेशी मांगूर आकाराने मोठा, म्हणून त्याचा उपद्रवही मोठा.

तीन, तो घाणीत वाढतो. काही लोक त्याला कत्तलखान्यातील सडके मांस खायला घालतात. त्याने पाणी नासते, दुर्गंधी सुटते आणि भोवतालच्या लोकांना त्रास होतो.

म्हणून भारत सरकारने २००० साली हा मासा पाळायला बंदी केली. तरी चोरून पाळणे चालूच राहिले. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने असे मासे नष्ट करण्याचा आदेश दिला. त्यानंतर महाराष्ट्रातही खात्याने अशी तळी शोधून मासे नष्ट केले.

देशी मांगुराला मात्र बंदी नाही. उलट तो जपावा, वाढवावा, असेच जाणकार सांगतात. पण नाव एक असल्याने काय होते? बंदी ऐकून लोक देशी मांगुरालाही भितात. आणि देशी मांगुराच्या चांगल्या नावावर परदेशी मांगूर विकला जातो. चोर सुटतो आणि साव बदनाम होतो.

ओळखावे कसे

दोघांनाही खवले नसतात. दोघांनाही चार जोड्या मिशा असतात. म्हणून नुसत्या मिशा पाहून ओळख पटत नाही. पुढील गोष्टी पाहाव्यात.

आकार : देशी मांगूर लहान असतो. सहसा वीतभर किंवा त्याहून थोडा मोठा. किलोभराचा देशी मांगूर सहसा दिसत नाही. परदेशी मांगूर काही महिन्यांत किलोभर होतो. पुढे तो मीटरभराहूनही लांब वाढतो.

रंग : देशी मांगूर तपकिरी, काळपट, बहुधा एकसारखा. परदेशी मांगुराच्या अंगावर पुष्कळदा राखाडी-काळे ढगाळ डाग असतात. पोट पांढरट असते.

डोके : परदेशी मांगुराचे डोके मोठे, रुंद आणि चपटे दिसते.

पण लहान पिले ओळखणे फार कठीण असते. बोटुकली पाहून अनुभवी माणूसही फसतो. म्हणून बीज घेताना डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. कागदावर ठेवावी.

आपण काय करावे

बाजारात मासा घेताना नुसते नाव विचारू नका. कोठला, नदीचा की तळ्याचा, देशी की बाहेरचा, हे विचारा. विचारण्यात लाज नाही. आपल्या गोष्टीतील बाईने विचारले, म्हणून ती वाचली.

तळ्यासाठी बीज घेताना सरकारी मत्स्यबीज केंद्रातून किंवा खात्याला माहीत असलेल्या माणसाकडूनच घ्या. पावतीवर माशाचे पूर्ण नाव लिहून मागा. विकणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीखही लिहून घ्या. पावती घडी करण्यापूर्वी वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा.

तळ्यात परदेशी मांगूर आढळला, तर मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा. तो नदीत किंवा नाल्यात मुळीच सोडू नका. दया म्हणून सोडलेला एक मासा हजार माशांचा घात करतो.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना माशांची जुनी नावे विचारा. मासोळी कशी दिसते, कोठे सापडते, नाव का पडले, हे वहीत लिहा. म्हातारी माणसे गेली की नावेही जातात. नाव गेले की त्या माशाकडे कोणाचे लक्ष राहत नाही. मग मासा कधी गेला, तेही कळत नाही.

ज्या तळ्याची हकीगत आम्ही सांगितली, तेथे संस्थेने पुढल्या पावसाळ्यात पुन्हा बीज टाकले. या वेळी रोहू आणि कटला. बीज घ्यायला म्हाताऱ्यासोबत ती सूनही गेली होती. पावती हातात पडताच तिने ती मोठ्याने वाचली. एक नाव राहिले होते. ते तिने लिहून घेतले. मगच थैल्या गाडीत चढल्या.

वाचा आणि सांगा

१. मामा तलाव हे नाव कसे पडले?
२. रोहू आणि तांबोशी या दोन नावांत सारखे काय आहे?
३. थाई मांगूर हा मूळचा कोणत्या भागातला मासा आहे? ते त्याच्या कोणत्या नावावरून कळते?
४. गोष्टीतील संस्थेच्या पावतीवर काय काय लिहायचे राहिले होते?
५. तुमच्या गावाजवळच्या नदीत किंवा तळ्यात मिळणाऱ्या पाच माशांची नावे लिहा. त्यांतील एका नावाचा अर्थ घरच्या वडील माणसांना विचारून लिहा.